नव्या ब्राउझरातला जुना डायनासोर

नवा ब्राउझर उतरवून घेतला आणि त्याच संध्याकाळी नेट गेलं. तोवर मी त्याच्यावर खूश होते. टॅब वरच्या पट्टीत दाटीवाटीने न बसता डाव्या बाजूला एकाखाली एक उभे होते. पत्त्याची पट्टी नको असेल तेव्हा आपणहून दडत होती. नवा टॅब उघडला की बातम्यांचा आणि जाहिरातींचा लोंढा अंगावर न येता नुसता फिकट मातकट रंग पसरत होता. पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा त्याने स्वतःची ओळख जरा भारदस्तपणेच करून दिली होती. ब्राउझर कसा असावा याचा आम्ही अगदी मुळापासून विचार केलाय, अशा थाटात. मग नेट गेलं, पान अर्ध्यात अडलं, आणि त्या मातकट पार्श्वभूमीवर करड्या चौकोनी ठिपक्यांचा एक डायनासोर येऊन उभा राहिला. मी स्पेसबार दाबली. तो पळायला लागला. निवडुंग आला, त्याने उडी मारली.

हा डायनासोर सगळ्यांच्याच ओळखीचा. २०१४ मध्ये गुगलच्या लोकांनी तो क्रोममध्ये सोडला. नेट नसणं म्हणजे थेट डायनासोरांच्या काळात जाऊन पडणं, असा त्यामागचा विनोद. त्याला बघून आधी हसू आलं आणि मग काहीतरी टोचत राहिलं. फसवलं असं म्हणवत नाही. हा ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या पायाशी असलेल्या गुगलच्या उघड्या कोडवर, उभा आहे हे बनवणाऱ्यांनी लपवलेलं नव्हतं, आणि मलाही ते माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि तो प्राणी समोर उड्या मारताना दिसणं निराळं. रंग बदलला, टॅबांची जागा बदलली, आयकॉन बदलला. आणि नेट गेल्यावर खाली उरला तो मात्र तोच.

मग मी बदललं तरी काय?

नेट नव्हतंच, त्यामुळे उकरायला वेळ भरपूर होता. पत्त्याच्या पट्टीत मी सवयीने 'क्रोम', त्यापुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि 'व्हर्जन' असं टाइप केलं. एंटर दाबताक्षणी 'क्रोम' पुसलं गेलं आणि तिथे या ब्राउझरचं नाव आलं; पान मात्र उघडलं ते जसंच्या तसं. वर नव्या ब्राउझरची आवृत्ती, आणि शेजारी ज्याच्यावर तो बांधलाय त्या क्रोमियमचा लांबलचक आकडा. तशाच रीतीने 'क्रेडिट्स'चं पान उघडलं. हे पान एकदा तरी उघडून बघा. नाटकाच्या शेवटी पडद्यामागच्या मंडळींची नावं घाईघाईने वाचतात तसं ते नाही. ते संपतच नाही. झेडलिब, लिबपीएनजी, फ्रीटाइप, हार्फबझ, आयसीयू, स्किया, अशी आत वापरलेल्या इतरांच्या तयार कोडची, म्हणजे लायब्रऱ्यांची, नावं. प्रत्येक नावाखाली परवान्याचा मजकूर, आणि त्यात कॅपिटल अक्षरांत ओरडून सांगितलेलं की हे सॉफ्टवेअर आहे तसं घ्या, आम्ही कसलीही हमी देत नाही. हमी नाही, पैसे नाहीत, फक्त आमचं नाव काढू नका, एवढीच बहुतेकांची अट. एसक्यूलाइट नावाची एक छोटी डेटाबेस लायब्ररी यात आहे. तुम्ही कुठल्या पानावर कधी गेलात त्याचा इतिहास क्रोमियम तिच्यातच साठवतो. तिच्या लेखकाने कॉपीराइटवर पाणीच सोडलंय, आणि फायलींच्या माथ्यावर कायदेशीर मजकुराच्या जागी आशीर्वाद लिहिलाय: तुमच्या हातून चांगलं घडो, वाईट न घडो, तुम्हाला स्वतःला क्षमा करता येवो आणि इतरांनाही, मोकळ्या हाताने वाटा, देता त्याहून जास्त घेऊ नका. लाखो लोकांच्या रात्री-बेरात्रीच्या शोधांचा इतिहास ज्या कप्प्यात पडून असतो, त्या कप्प्यावर 'स्वतःला क्षमा करता येवो' असं लिहिलेलं असावं, हे मला फार आवडलं.

नेट परत आलं तेव्हा मी दुसरी चौकशी सुरू केली. ब्राउझर कुठल्याही साइटच्या सर्व्हरपाशी गेला की पहिल्यांदा आपली ओळख सांगतो, एक ओळ पाठवून. वापरणाऱ्याला ती कधी दिसत नाही. मी ती काढून वाचली. आधी 'मोझिला/५.०'. मग कंसात मॅकचं नाव आणि १०.१५.७ ही प्रणालीची आवृत्ती. मग 'ॲपलवेबकिट/५३७.३६'. मग पुन्हा कंसात 'केएचटीएमएल, गेकोसारखा'. मग 'क्रोम' आणि एक आकडा. शेवटी 'सफारी/५३७.३६'. एवढ्या लांब ओळीत या ब्राउझरचं स्वतःचं नाव कुठेच नाही! बरं, त्यात जे आहे तेही जवळजवळ सगळं खोटं. हा मोझिलाचा नाही, सफारी नाही, गेको इंजिन (पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा गाभा) यात नाही, आणि माझ्या मॅकवरची प्रणाली १०.१५ च्या कधीच पुढे गेलेली आहे. तो आकडा खाजगीपणाच्या नावाखाली गोठवून ठेवलाय. दारावर उभं राहून 'मी अमक्याचा माणूस, तमक्याने पाठवलंय' म्हणत आत शिरावं, तसा हा गेली तीस वर्षं चाललेला प्रकार आहे.

सुरुवात नेटस्केपपासून. त्यांच्या ब्राउझरचं आतलं नाव मोझिला. त्याला पानाचे चौकोनी भाग, म्हणजे फ्रेम्स, दाखवता यायचे. इतरांना येत नसत. म्हणून साइटवाले आधी 'मोझिला' आहे का ते बघायचे आणि असेल तरच चांगलं पान द्यायचे. मग इंटरनेट एक्स्प्लोररला फ्रेम्स आल्या, पण त्याला कोणी चांगलं पान देईना, म्हणून त्याने सांगायला सुरुवात केली की मी मोझिलाच, म्हणजे मोझिलाशी जुळणारा. पुढे नेटस्केपच्या वारसांनी गेको नावाचं नवं इंजिन केलं, तर केडीई या लिनक्सवरच्या प्रकल्पाच्या कॉन्करर ब्राउझरने म्हटलं, मी केएचटीएमएल, पण गेकोसारखा. सफारी कॉन्कररच्या इंजिनातून निघाला, त्याने ते वाक्य तसंच पुढे नेलं. क्रोमने सफारीचं नाव शेपटीला ठेवलं. मायक्रोसॉफ्टच्या एजने क्रोमचं ठेवलं आणि पुढे आपली चार अक्षरं जोडली. विवाल्डी नावाच्या ब्राउझरने काही वर्षं स्वतःचं नाव लावून बघितलं. तेवढ्यावरून साइट्स अडवायला लागल्या म्हणून २०१९ च्या डिसेंबरात त्यांनी ते काढून टाकलं आणि सरळ क्रोम म्हणून हिंडायला लागले. (जाता जाता: मोझिलाचं चिन्ह आधी हिरवा सरडा आणि मग लाल डायनासोर, गेको म्हणजे पाल, आणि नेट गेल्यावर भेटतो तो टी-रेक्स. या धंद्याला सरपटणाऱ्या प्राण्यांची एवढी ओढ का, देव जाणे.)

या साखळीतला केएचटीएमएल हा दुवा मला सगळ्यात जास्त ओढून घेतो. २००० च्या ऑक्टोबरात केडीईची दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात कॉन्करर होता, आणि त्याच्या पोटात केएचटीएमएल. बरीचशी स्वयंसेवकांची मेहनत, लिनक्सच्या छोट्याशा जगासाठी केलेली. ७ जानेवारी २००३ ला स्टीव्ह जॉब्सने मंचावरून सफारी जाहीर केला, आणि त्याच दिवशी ॲपलच्या चमूकडून केडीईवाल्यांना पत्र गेलं: आम्ही तुमचा कोड वापरलाय. का वापरला याची कारणंही दिली होती. त्यातलं एक असं की पूर्ण इंजिन १,४०,००० ओळींच्या आत बसतं. छोटं आहे, नीट लिहिलंय, म्हणून घेतलं. ज्यांनी रात्री जागून ते लिहिलं होतं त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा मी बरेचदा विचार करते. आनंद झालाच असणार. पण पुढच्या दोन वर्षांत कुरबुरी वाढल्या. ॲपलचे बदल यायचे ते भल्यामोठ्या गठ्ठ्याने, कुठला बदल कशासाठी ते उलगडायचं नाही, आणि मूळ लेखकांना ते आपल्या कोडमध्ये घेता यायचे नाहीत. परवान्यातलं प्रत्येक अक्षर पाळलं जात होतं आणि तरीही काहीतरी चुकत होतं. २००५ च्या जूनमध्ये ॲपलने वेबकिट, म्हणजे त्या कोडवरून केलेलं सफारीचं इंजिन, उघड्यावर विकसित करायला सुरुवात केली तेव्हा ते थोडं निवळलं.

मग २००८ मध्ये क्रोम आला तो वेबकिट घेऊन. २०१३ च्या एप्रिलमध्ये गुगलने वेबकिटला फाटा फोडून ब्लिंक हे आपलं वेगळं इंजिन काढलं आणि पहिल्या झटक्यात ७,००० हून जास्त फायली, म्हणजे ४५ लाखांहून अधिक ओळी, उडवता येतील असं सांगितलं. वाचताना मी तिथेच थबकले. १,४०,००० ओळींचं जे रोप उचललं होतं, त्याची नुसती छाटणीच आता ४५ लाख ओळींची. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या अखेरीस हात टेकले आणि २०२० च्या जानेवारीत क्रोमियमवरचा एज आणला. हल्ली एआय कंपन्यांनाही ब्राउझर हवेत. २०२५ मध्ये परप्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयचा ॲटलस आले, दोन्ही क्रोमियमवरच. आणि ज्या कॉन्कररपासून हे सगळं निघालं, तो अजून आहे. केएचटीएमएल मात्र त्याच्यातून काढून टाकलंय. आज तो पानं दाखवतो ती क्यूटी वेबइंजिनमधून, आणि ते बांधलंय क्रोमियमवर. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काय वाटावं ते ठरवता येईना. अजूनही येत नाही.

माझा स्वतःचा पहिला ब्राउझर नेटस्केप. कोपऱ्यात मोठा 'एन' आणि त्याच्यामागून पडणाऱ्या उल्का. पान येत असेपर्यंत उल्का पडत राहायच्या, आणि पान यायला इतका वेळ लागायचा की मी त्या बघत बसायचे. मोडेमचं ते किंचाळणं आणि खरखर संपली की खोलीत एकदम शांतता व्हायची. चित्रं वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायची. चेहऱ्याचं कपाळ दिसायचं, मग भुवया, आणि नेमकी तिथे लाइन तुटायची. तेव्हा ब्राउझर कशावर बांधलाय असले प्रश्न डोक्यातही येत नसत. पण तेव्हाही ते तसंच होतं. इंटरनेट एक्स्प्लोररच्या 'अबाउट'च्या खिडकीत कितीतरी आवृत्त्यांपर्यंत बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की हा मोझेइकवर आधारित आहे. मोझेइक १९९३ सालचा, इलिनॉय विद्यापीठातल्या केंद्राचा; मायक्रोसॉफ्टने त्याचा परवाना स्पायग्लास कंपनीकडून घेतला होता. म्हणजे एकट्या मालकीचा, उघडा कोड ज्याने कुणालाही दिला नाही, तोही आतून दुसऱ्याच्याच कोडवर उभा. कोरा, स्वतःच्या हातांनी पहिल्या ओळीपासून लिहिलेला ब्राउझर ही गोष्ट या इतिहासात नेहमीच दुर्मीळ होती.

मराठी वाचणाऱ्यांना त्या काळाची आणखी एक खूण आठवत असेल. प्रत्येक साइटचा आपला वेगळा फॉन्ट. तो उतरवून बसवला नाही तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि विचित्र चिन्हांचा कचरा. मग युनिकोड आलं, आणि कचऱ्याच्या जागी चौकोनी डबे आले. डबे गेले तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसलेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली, आणि मधेच ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ, ज्याच्या डोक्यावर अनाथ मात्रा. त्या दिवसांपासून मला सवय जडलीय. कुठलाही ब्राउझर हातात आला की मी आधी मराठी मजकूर उघडते आणि ठरावीक जागा तपासते. 'वाऱ्यावर' मधला तो आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र नीट येतो का. 'ष्ट्र' एकसंध राहतो का. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ते बदलतात. नव्या ब्राउझरात सगळं बिनचूक आलं. वाऱ्यावर, सुऱ्या, दऱ्या, राष्ट्र, उद्ध्वस्त. मोठ्या अक्षरांत केलं, लहान केलं, एखादी ओळ ठळक केली. कुठे काही तुटलं नाही.

आणि का तुटेल? ते काम या ब्राउझरच्या चमूने केलेलंच नाही. ते हार्फबझचं. अक्षरांचे सांकेतिक क्रमांक घ्यायचे, फॉन्टमधले नियम वाचायचे, आणि कुठला आकार कुठे, कशाच्या डोक्यावर, कशाच्या पोटात बसवायचा ते ठरवायचं, एवढंच ही लायब्ररी करते. क्रोमियममध्ये ती आहे, फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे. लेडीबर्ड नावाचा एक ब्राउझर सध्या घडतोय, आणि तो खराखुरा पहिल्या ओळीपासून. सेरेनिटी ओएस या हौशी प्रकल्पात त्याचा जन्म झाला, आंद्रेआस क्लिंगने तो २०२४ मध्ये वेगळा काढला. कुणाचंही इंजिन घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. पण अक्षरं जुळवायला त्यांनीही शेवटी हार्फबझच घेतलं. डायनासोर बघून मला जे टोचलं होतं, ते इथे येऊन बोथट झालं. सगळीकडे खाली तेच निघतं याची मला तक्रार होती. आणि ते तसं निघतं म्हणूनच माझा पापणीसारखा र जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात बनलेल्या, मराठीचं एक अक्षर ठाऊक नसलेल्या माणसांनी बनवलेल्या ब्राउझरात पहिल्या दिवशी नीट उमटतो. कुणी खरोखर मुळापासून सुरू करायचं म्हटलं, तर माझ्या लिपीचा नंबर यादीत कितवा लागला असता?

तरीही पूर्ण समाधान झालं असं नाही.

मधल्या एका दिवशी मी जुन्या ब्राउझरातून बुकमार्क बाहेर काढले. एक फाईल तयार झाली. ती नव्यात ओढायच्या आधी सहज मजकुराच्या संपादकात उघडली तर पहिल्याच ओळीत 'नेटस्केप बुकमार्क फाईल १'. नेटस्केपला आधार देणं २००८ मध्येच बंद झालं, पण आजही कुठलाही ब्राउझर बुकमार्क बाहेर काढताना फाईलच्या माथ्यावर त्याचंच नाव घालतो. खाली सूचना: ही फाईल आपोआप बनली आहे, ती वाचली जाईल आणि पुसून परत लिहिली जाईल, हिच्यात हात घालू नका. मी अर्थातच घातला. प्रत्येक दुव्यापुढे एक लांब आकडा होता; १९७० च्या पहिल्या सेकंदापासून मोजलेले सेकंद. त्यावरून कळत होतं, कुठलं पान मी कुठल्या साली, कुठल्या प्रहरी जपून ठेवलं. एका वर्षात नुसत्या आजारांच्या नावांची पानं. एका वर्षात टायपोग्राफी. पाठोपाठ पहाटे जतन केलेल्या तीन कविता, ज्या ब्लॉगवर होत्या तो ब्लॉगच आता नाही. अर्ध्याहून जास्त दुवे मेलेले. ही फाईल आजवर किती ब्राउझरांतून ओढत आणली ते मलाच आठवत नाही. प्रत्येकाने ती निमूटपणे वाचली, कारण कुणीतरी तीस वर्षांपूर्वी ठरवलेला साचा सगळ्यांनी मुकाट्याने सांभाळला. नव्या ब्राउझरने ती गिळली आणि डाव्या पट्टीत सगळे फोल्डर उघडे झाले, मेलेल्या दुव्यांसकट.

एवढं झाल्यावर मग मला त्याचं नवेपण दिसायला लागलं, आणि ते टॅबांच्या रचनेत नव्हतं. क्रोमियमवर ब्राउझर बांधणाऱ्यांचं बरंचसं काम काढून टाकण्याचं असतं. अनगुगल्ड क्रोमियम नावाचा एक प्रकल्प आहे. त्यांच्या साधनांमध्ये अशी सोय आहे की सोर्स कोडमध्ये जिथे जिथे गुगलचे पत्ते आहेत तिथे 'क्यूजेझेड९झेडके' असल्या अस्तित्वात नसलेल्या शेपटीचे पत्ते घालायचे, म्हणजे एखादी विनंती चुकून निसटलीच तर ती कुठेच पोचत नाही. हे मला कुठल्याही नव्या बटनापेक्षा जास्त नवं वाटतं. काय ठेवायचं आणि कशाला नाही म्हणायचं, यात बनवणाऱ्याचा स्वभाव कळतो. काही गोष्टी मात्र त्यांच्या हातातच नसतात. २०२१ च्या मार्चमध्ये गुगलने इतर क्रोमियम ब्राउझरांना क्रोमचं सिंक (बुकमार्क वगैरे सगळ्या यंत्रांवर एकसारखं ठेवायची सोय) वापरायला देणं थांबवलं, आणि ज्यांचं स्वतःचं सिंक नव्हतं ते उघडे पडले. विकतचे चित्रपट ज्या कुलपामागून येतात ते वाइडवाइन गुगलचं, आणि ते ओपन सोर्स नाही; परवानगी मिळाली तर चालणार. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शन्सचे नियम क्रोमियममध्ये बदलले, तेव्हा काही ब्राउझरांनी जाहीर केलं की जुनी सोय मूळ क्रोमियममध्ये आहे तोवर आम्ही ठेवू. 'आहे तोवर' यातच सगळं आलं. क्रोमियमने तो कोड काढून टाकला की तो सांभाळायचा भार या ब्राउझरांवर, आणि तो उचलायला बहुतेकांकडे माणसंच नाहीत.

ही एकाच्या हाती सगळं जाण्याची भीती नवी नाही. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ ला आली आणि सातवी २००६ ला. जिंकल्यावर त्यांना पाच वर्षं काही करावंसंच वाटलं नाही. मधे, २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आला म्हणून निदान हालचाल झाली, आणि फायरफॉक्स येऊ शकला कारण हरत चाललेल्या नेटस्केपने १९९८ च्या मार्चमध्ये आपला कोड उघडा करून टाकला होता. आज सर्वसामान्य माणसाच्या हातात पोचणारी इंजिनं उरली तीन: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. 'हे पान क्रोममध्येच उघडा' असं सांगणाऱ्या साइट्स परत दिसायला लागल्यात. माझा नवा ब्राउझर त्या साइट्सवर अडत नाही, कारण तो स्वतःला क्रोम म्हणवतो, आणि अशा प्रत्येक भेटीत त्या साइटच्या मोजणीत क्रोमचाच आकडा एकाने वाढतो. मी क्रोम सोडला तरी मोजणीत सोडलेला दिसत नाही. फायरफॉक्स वापर की मग, असं कुणी म्हणेल. वापरते, तो शेजारीच असतो. पण डाव्या बाजूच्या त्या टॅबांची चटक लागली हेही खरं, आणि माणूस तत्त्वासाठी रोज आठ तास गैरसोय सोसत नाही, निदान मी नाही.

या सगळ्यात ज्या गोष्टीची कुणी जाहिरात करत नाही ती म्हणजे कंटाळवाणी मशागत. क्रोमियमची मोठी आवृत्ती २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी यायला लागली, आणि २०२३ पासून क्रोमला सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला. कोड उघडा असल्यामुळे दुरुस्तीही उघड्यावर दिसते. कुठलं भोक बुजवलं ते चांगल्या माणसांना कळतं तसं वाईटांनाही. आणि ज्या ब्राउझरने ती दुरुस्ती अजून घेतली नाही, त्याच्यासाठी ते भोक कुठे आहे याचा नकाशाच छापून आलेला असतो. म्हणजे फोर्क, क्रोमियमला फाटा फोडून आपला ब्राउझर, काढणाऱ्यांना दर काही आठवड्यांनी आपले सगळे बदल हलत्या पायावर परत बसवावे लागतात. क्रोमियमवाल्यांनी एखाद्या फंक्शनचं नाव बदललं की इथला पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, त्यावर बसत नाही, मग कुणीतरी रात्री बसून तो सोडवतं, आणि त्यातून वापरणाऱ्याला दिसण्यासारखं काहीच निष्पन्न होत नाही. पहिल्या वर्षी उत्साह असतो, तिसऱ्या वर्षी पैसे संपतात. देखण्या आयकॉनचे कितीतरी ब्राउझर असे मागे पडत गेलेले मी बघितलेत. ते बंद झाल्याचं कुणी जाहीर करत नाही, फक्त त्यांच्या पोटातला क्रोमियमचा आकडा एक दिवस वाढायचा थांबतो. कोडवर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न मला आता तितकासा पडत नाही, तो कोड जगाने वाचलेला आहे. विश्वास ठेवायचा तो हे काम पुढच्या महिन्यात परत करायला बसतील की नाही, त्या चार-दोन अनोळखी माणसांवर.

म्हणून हल्ली अधूनमधून ते व्हर्जनचं पान उघडते आणि क्रोमियमचा आकडा बघते. मग शेजारी खऱ्या क्रोमचा आकडा काढते. आतापर्यंत अंतर दिवसांचंच राहिलंय. मोठी आवृत्ती आली की त्याच आठवड्यात इथेही वरच्या कोपऱ्यात अपडेटचा छोटा ठिपका लागतो, आणि मी हातातलं काम अर्धवट टाकून ब्राउझर बंद करून परत चालू करते. टॅब जसेच्या तसे परत येतात, डावीकडे, एकाखाली एक. ते अंतर महिन्यांवर गेलं, तर टॅब कितीही देखणे असोत, नेटस्केपच्या नावाची ती फाईल पुन्हा बाहेर काढीन आणि पुढचा ब्राउझर शोधीन.